ती वही जपानी नव्हती

गोदाआत्या,

तुझ्याशी मी आयुष्यात तीन वेळा खोटं बोललो, आणि तिन्ही वेळा एकाच वहीबद्दल.

तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. सुरुवातीला नाशकात गंगापूर रोडच्या आमच्या घरी माणसं येत-जात होती. कुणी तुझ्या हातच्या ठेच्याची आठवण काढी, कुणी तुझ्या जिभेची. मी मान हलवत होतो, खुर्च्या पुढे सरकवत होतो. शेवटी मंगल म्हणाली, "अहो, तुमची सख्खी आत्या. एक शब्द तरी बोला." मला बोलता येईना. तुझ्याबद्दल खरं बोलायचं तर आधी माझ्याबद्दल बोलावं लागणार होतं. इंग्रजी शिकवण्यात नि पोरांचे निबंध तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. दुसऱ्याच्या चुकीखाली लाल रेघ ओढायची हाताला सवय. स्वतःच्या चुकीखाली ओढायला पंचावन्नावं वर्ष उजाडलं.

वही दादांची. तुझ्या वडलांची, माझ्या आजोबांची. मेणकापडात गुंडाळलेली, तळहाताएवढी रुंद, शिसपेन्सिलीनं पानाच्या दोन्ही बाजूंनी भरलेली. दादा गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला आठवतो तो फक्त त्यांचा खोकला. अण्णा, म्हणजे तुझा धाकटा भाऊ आणि माझे वडील, सामान आवरताना ती वही बंबात घालायला निघाले होते. तू हिसकावून घेतलीस. "बापाची अक्षरं हायेत ती, गवऱ्या नायत," असं म्हणालीस म्हणे. अण्णा हे पुढे कित्येक वर्षं हसत सांगायचे. तू ते कधी हसण्यावारी नेलं नाहीस.

दादांची गोष्ट मी तुझ्याकडूनच ऐकली, भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता, तुकड्यातुकड्यांनी. दादा साहेबाच्या पलटणीतले शिपाई. तुझी आई गरोदर असताना बोटीनं मलायात गेले. मुलगी झाल्याचं पत्र त्यांना तिकडे पोचलं. तुझं नाव कळवणारं पत्र निघालं तोवर सिंगापूर पडलं होतं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्या हजारो शिपायांना जपानच्या हवाली केलं होतं. त्या कैद्यांतूनच एक फौज उभी राहिली, देशाबाहेरून साहेबाशी लढायला. तिच्यात रबराच्या मळ्यांतले मजूर आले, दुकानदार आले, बायकासुद्धा आल्या. दादा गेले. ब्रह्मदेशातून मणिपूरच्या वेशीपर्यंत पोचले आणि चिखलातून, तापातून, उपाशी परत फिरले. पकडले गेले. इकडे आणल्यावर साहेबानं त्यांना जाबजबाब घेऊन पांढरे, करडे नि काळे असं निवडलं, तांदूळ निवडावेत तसं. दादा काळ्यांत, म्हणजे त्या फौजेला मनापासून मिळालेल्यांत. घरी पाठवलं ते बडतर्फीचा कागद हातात देऊन. तो कागद दादांनी स्वतःच गंगेत, आपल्या गोदावरीत, सोडला. स्वराज्य आलं तरी पलटणीत परत कुणी बोलावलं नाही.

तू त्या फौजेला 'बाहेरची फौज' म्हणायचीस. "आतली साहेबाची, बाहेरची आपली. एवढं सोपं हाय ते," असं तुझं म्हणणं.

गावाला ते तितकं सोपं वाटलं नाही. सायखेड्याच्या अलीकडचं आपलं गाव, गंगेकाठचं, ऊस-द्राक्षांचं. तिथं माणसाला एकदा नाव पडलं की चितेपर्यंत सोबत येतं. दादांना 'जपान्या' हे नाव पडलं. तू दुकानात गेलीस की, "जपान्याची पोर आली." शेजारचे नामदेवतात्या तर पारावर बसून सरळ म्हणायचे, "कसला देश नि कसलं काय. कैदेत उपास पडत हुता, तिकडं भात मिळत हुता. तांदळाला गेला गडी." दादा ऐकून पुढे चालू लागत. तेही तुला सोसलं असतं. तुझं खरं दुखणं दुसरंच होतं, ते तू मला एकदाच सांगितलंस. तू पाच वर्षांची असताना घरी आलेल्या त्या माणसानं तुला कधी 'गोदा' म्हणून हाक मारली नाही. एकदासुद्धा नाही.

वहीतली अक्षरं इंग्रजी होती. शाळेच्या गुरुजींनी पाहून सांगितलं, "लिपी इंग्रजी आहे, भाषा इंग्रजी नाही." मग कोणती? जपान्याची वही, म्हणजे जपानी. इतकं सरळ गणित होतं ते, कुणी परत मांडून पाहिलं नाही.

स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा गावानं चावडीपुढे दगड बसवायचं ठरवलं, लढ्यातल्या माणसांची नावं कोरून. मी अकरावीत होतो, नाशकात, वसतिगृहात. तूच अण्णांशी भांडून मला तिथं धाडलं होतंस. दगडाच्या कमिटीनं तुला निरोप दिला: कागद नाही तर नाही, वही आणा, कुणाकडून तरी वाचून घेऊ, त्यात काही असेल तर नाव घालू. तू आधी मला बोलावलंस. ओसरीवर चार बायका बसलेल्या. "आमचा दिनू इंग्रजीत पयला हाय तालुक्यात," असं त्यांना सांगून तू वही माझ्या मांडीवर ठेवलीस.

मी उघडली. काय सांगू तुला. मधेच 'मेन' दिसायचं, मधेच 'द', 'टू', 'इज'. शब्द ओळखीचे, आणि पुढचा शब्द असा परका की अंगावर यावा. वेड लागलेल्या माणसानं इंग्रजी लिहावं तसं. बायका तोंडाकडे बघताहेत. मी म्हणालो, नाशकाला नेतो, सरांना दाखवतो.

वही आठ दिवस माझ्या ट्रंकेत पडून होती. मी ती कुणालाही दाखवली नाही. मेणकापडाला खोबरेल तेलाचा खवट वास येत होता, त्याची लाज वाटली. तालुक्यात पहिला आलेला मी, मला चार ओळी वाचता येत नाहीत हे सरांना सांगायची त्याहून जास्त. नवव्या दिवशी गावी आलो आणि तुला म्हणालो, "सरांना दाखवली. जपानीच आहे. कवायतीचे हुकूम आहेत आणि सामानाची यादी."

"काय सामान?"

"तांदूळ, मीठ, असंच."

'तांदूळ' शब्दासरशी तुझा चेहरा उतरला. ते मला तेव्हा दिसलं होतं, आत्या. मग तू विचारलंस, "माझं नाव हाय का कुठं?"

"नाही."

वही तू कमिटीला दाखवलीच नाहीस. "आधीच जपान्या म्हनत्यात, वर जपानी वही नेऊन दावू का?" म्हणालीस. दगड बसला. दादांचं नाव त्यावर नाही. ते माझ्यामुळे नाही.

दुसऱ्यांदा मी चौतिशीत होतो, नोकरी लागून दहा वर्षं झालेली. मोबाईल नुकते हातोहाती आले होते. शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्यानं त्याला आलेला निरोप दाखवला. कुण्या पालकानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, 'सर उद्या सुट्टी आहे का'. सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता हसता मला ती वही आठवली. 'मेन' नव्हतं ते. 'में' होतं. 'द' म्हणजे 'थे'. 'टू' म्हणजे 'तो'. 'इज' म्हणजे 'इस'.

दिवाळीला गावी आलो तेव्हा तू कांद्याच्या लागणीला गेली होतीस. मी पेटीतून वही काढली आणि दुपारभर वाचली. मनात वाचून कळत नव्हतं, ओठ हलवले की कळत होतं. त्या फौजेत तमिळ होते, शीख होते, आपल्याकडचे होते. सगळ्यांना एकच भाषा वाचता यावी म्हणून तिथं हिंदुस्थानी इंग्रजी अक्षरांत शिकवत. गावातल्या गुरुजींना ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं, निदान विचारायला तरी हवं होतं. संध्याकाळी तू आलीस, डोक्यावरची पाटी उतरवत म्हणालीस, "काय वाचतोयस रं?"

"काही नाही. जुने कागद."

का सांगितलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला एकवीस वर्षं विचारला आहे आणि उत्तर दर वेळी तितकंच लहान निघालं आहे. सांगितलं असतं तर सरांना दाखवल्याचं खोटं उघडं पडलं असतं. दगडाबद्दल बोलावं लागलं असतं. तुझ्या नजरेतला हुशार दिनू मला सोडवत नव्हता. बस, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर लिहायला बरं वाटलं असतं.

आणि वर मी तुझ्याशी वाद घालायचो! दर भेटीत आपला तोच वाद. मी शहाणपणानं म्हणायचो, "आत्या, ती फौज हरली. इंफाळही घेता आलं नाही त्यांना. आणि जपान काय साव होता का? तिकडच्या लोकांचे त्यानं काय हाल केले ते वाच जरा."

"मला वाचता येत नाय म्हनून तर तुला शिकवला."

"पण स्वराज्य काय एका फौजेनं आणलं का?"

"कोन म्हनतंय एका? मोजताना तिला वगळू नको, एवढंच म्हनते. साहेब राज्य कुनाच्या जोरावर करत हुता? आपल्याच पोरांच्या. त्याच्या हातातली काठी जित्ती हाय, वळवळतीय, हे त्याला दिसलं. मग साहेब कशाला झोपतोय सुखानं?"

लाल किल्ल्यातले ते खटले, त्यांनी पेटलेला देश, मागोमाग उठलेले आरमारातले खलाशी. हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं होतं. पुस्तकंही शेवटी तुझ्याच काठीपाशी येतात, फक्त वाक्यं लांब असतात. तरी मी हरल्यासारखं कधी दाखवलं नाही. दादांनी स्वतः काय लिहून ठेवलंय ते मला माहीत होतं आणि तुला नव्हतं, आणि मी वाद घालत होतो. या पत्रात लिहायला सगळ्यांत जड गेलेलं वाक्य हेच.

गेल्या वर्षाअखेरीस तू अंगणात घसरलीस, खुबा मोडला, शस्त्रक्रियेनंतर चार महिने आमच्याकडे राहिलीस. मंगलला तू दुसऱ्याच दिवशी भाजी चिरण्यावरून बोललीस आणि तिसऱ्या दिवसापासून तुमची गट्टी जमली. येताना तू कपड्यांच्या पिशवीत वही आणली होतीस. एके दुपारी मंगल तिच्या शाळेत शिकवायला गेलेली, तू खिडकीशी वॉकर धरून उभी. म्हणालीस, "दिनू, मी मेल्यावर ती वही माझ्यासंगं जाळा. कुनाला कळत नाय, कुनाच्या कामाची नाय. माझ्यासंगं जाऊ दे."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आत्या, ती जपानी नाही."

"मग?"

"हिंदी आहे. अक्षरं इंग्रजी, भाषा हिंदी. मला वाचता येते."

तू वॉकर बाजूला सरकवलास. मग सावकाश पलंगावर बसलीस. "तुला कवा कळलं हे?"

"आत्ताच," मी म्हणालो. "हल्ली मोबाईलवर लोक असंच लिहितात, त्यावरून."

हे तिसरं. तू माझ्याकडे पाहिलंस. विश्वास ठेवलास की नाही ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळायचा मार्ग उरला नाही. "वाच मग," एवढंच म्हणालीस.

त्यानंतरच्या दुपारी मी आयुष्यभर जपणार आहे. रोज दोन-तीन पानं. पेन्सिल पुसट झालेली, भिंग लावून वाचावं लागे, मग तुला मराठीत सांगायचं. पहिली दहा-बारा पानं नुसती गिरवलेली अक्षरं. दादा पलटणीत गेले तेव्हा त्यांना सहीसुद्धा येत नव्हती, हे तूच मला सांगितलंस. त्यांना अक्षरं शिकवली ती रबराच्या मळ्यातल्या मुत्तू नावाच्या तमिळ मजुरानं. दादांनी लिहिलंय, 'उसको मराठी नहीं आती, मुझको तमिल नहीं आती. हिंदुस्तानी दोनों को आधी आधी आती. मिला के एक पूरी होती.' तू हे तीनदा वाचायला लावलंस आणि म्हणालीस, "बग. हे केलं त्या फौजेनं. तुझ्या पुस्तकात हाय का?"

नव्हतं, आत्या.

मग ते पान आलं. मी ते आधी वाचलेलं होतं, तरी भिंग पुन्हा पुसून घेतलं. 'भूक थी. झूठ क्यों लिखूँ. लेकिन भूक तो सबको थी, जो नहीं आए उनको भी थी.' तू डोळे मिटून घेतलेस. पारावरच्या सगळ्या वर्षांना त्या एका ओळीत उत्तर होतं. भुकेनं माणूस जातो हे खरं असेल, पण तेवढ्यानंच जाता तर सगळे गेले असते. दादांनी जपानचीही भलामण केली नव्हती. 'जपानी पे भरोसा नहीं. अंग्रेज पे भी नहीं था. मुत्तू पे है.' हे ऐकून तू खुदकन हसलीस. "लय गुनाचा हुता गं बाई माझा बाप," असं बाजूला कुणी बाई बसल्यासारखं म्हणालीस.

आणि आठवड्याभरानं नदीचं पान. 'लड़की हुई, चिट्ठी आई. नाम की चिट्ठी नहीं आई. आज नदी पार किया. बहुत बड़ी, अपनी गंगा जैसी. लड़की का नाम मालूम होने तक उसको इरावडी बोलूँगा.'

"काय बोलूंगा?"

"इरावडी. ब्रह्मदेशातली नदी आहे, आत्या. आपण इरावती म्हणतो. त्यांनी ऐकलं तसं लिहिलंय."

"वडी?" तू म्हणालीस. "कोथिंबिरीची का अळूची?" आणि हसायला लागलीस. मीही हसलो. मग तू हसता हसता थांबलीस, इतकी एकाएकी की मला वाटलं कुठं कळ आली.

"दिनू," तू म्हणालीस, "तो मला वडे म्हनायचा. ए वडे, पानी आन. ए वडे, बैल सोड. मी बुटकी, जाडी, मला वाटायचं त्यावरून चिडवतोय. म्हनून मी ओ द्यायची नाय."

मी पुढची पानं चाळली. वहीत पुढे दहा-बारा ठिकाणी इरावडी होती. इरावडी आता पळत असेल. इरावडीला गोवर आला नसेल ना. घरी येईपर्यंत त्यांना ते नाव इतकं सवयीचं झालं असणार की समोर उभी राहिलेली गोदा त्यांना नवीच कुणीतरी वाटली असेल. तू गुडघ्यावरून पदर सारखा करत विचारलंस, "मग घरी आल्यावर सांगितलं का नाय त्यानं?"

"जमलं नसेल सांगायला."

"तुमा गड्यांना जमतं तरी काय सांगायला," तू म्हणालीस आणि माझ्याकडे न बघता चहा मागितलास.

तेव्हाच बोलायचं होतं मी. दार उघडं होतं. मी उठून चहा केला.

सतराव्या वर्षी मी तुला 'नाही' म्हणालो होतो. 'गोदा' हे नाव वहीत खरंच कुठे नाही, म्हणून एकवीस वर्षं मी त्या 'नाही'च्या आडोशाला उभा होतो, की निदान तेवढं तरी खरं होतं. ते सगळ्यांत मोठं खोटं होतं. तू तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होतीस. त्या वयापासून तू इरावडी असू शकली असतीस. तुला ते मिळालं शेवटच्या काही महिन्यांपुरतं.

पण ते काही महिने काय बहारीचे गेले! तू शेजारणींना बोलावून सांगायचीस, "माझं दुसरं नाव हाय, परदेशातलं." मंगलनं कोथिंबीरवडी केली तर "माझ्या नावाचं केलंय" म्हणून दोन जास्त खायचीस. मी विचारलं, दगडावर दादांचं नाव घालायचा अर्ज करू का? तू हात झटकलास. "दगड कोन वाचतंय? त्याच्यावर कावळं बसत्यात. तू वाच. समद्या गावाम्होरं बसून, पयल्या पानापासून. मी खुर्ची टाकून बसते शेजारी. मला त्यांची तोंडं बघायची हायेत." चालायला लागलीस की जायचं असं ठरलं. तू रोज वॉकर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायचीस, परीक्षेला बसल्यासारख्या. मग ताप आला, छातीत कफ झाला, चार दिवसांत सगळं संपलं.

परवा तुझा दहावा झाला. गावच्या घाटावर, गंगेकाठी. मी वही बरोबर नेली होती, ती तुझ्या लेकाच्या, रामूच्या हवाली करायची नि गाडीत बसून परत यायचं, असा माझा बेत होता. तुझ्या त्या समद्या गावाम्होरं उभं राहायची हिंमत माझ्यात नव्हती, खुर्चीत तू नसताना तर नव्हतीच.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर उंबरावर दोन बसले होते, तिथून हलायला तयार नाहीत. रामू पुढे होऊन म्हणाला, "आई, म्हैस इकनार नाय." कावळे ढिम्म. कुणी म्हणालं, नातीचं कॉलेज चालू ठेवू. तरी नाही. भटजी घड्याळ बघायला लागले. माझा यावर विश्वास नाही हे तुला माहीत आहे, पण ऊन चढत होतं आणि शंभर माणसं आपलं काय चुकलं याचा विचार करत उभी होती, तो विचार मात्र खरा होता.

नामदेवतात्या काठी टेकत माझ्यासमोर आले. पंच्याऐंशी वर्षांचे, कमरेत वाकलेले. "दिन्या, चार महिने तुझ्याकडं हुती. काय म्हनली का? काय राहिलं का तिचं?"

"वही वाचायची राहिली," मी म्हणालो.

"कंची?"

"जपान्याची असंल," मागून कुणीतरी म्हणालं. "ती तर जपानीत हाय ना?"

"हिंदी आहे. मला वाचता येते."

तात्यांनी मान वर केली. "मग आजवर का नाय सांगितलं?"

'आत्ताच कळलं' हे शब्द ओठांवर आले होते. तुला म्हणालो होतो तेच. कुणाला कधी कळलं नसतं.

मी सांगितलं. ट्रंकेत पडलेली वही, न दाखवलेले सर, तांदळाचं खोटं, दिवाळीची दुपार, तुला सांगितलेलं 'आत्ताच'. दगडावर दादांचं नाव नाही ते माझ्यामुळे, हेही सांगितलं. सांगताना मी तुझ्या पिंडाकडे बघत होतो, माणसांकडे बघवत नव्हतं. रामू काही बोलला नाही. अजूनही बोललेला नाही; त्याच्या आईची इतकी वर्षं होती ती, त्याला वेळ लागेल, आणि लागला तर मी थांबेन.

तात्या मात्र बोलले. "दगड बसवनाऱ्यांत मी हुतो," ते म्हणाले. "तांदळाला गेला, असं म्हननाराबी मीच. तुझ्या आदी तीस वर्षं म्हनत हुतो. तू एकट्यानं समदं डोक्यावर घेऊ नको, मास्तर. आमचं आमच्यापाशी राहू दे."

बायकांच्या घोळक्यातून एका नव्या सुनेनं विचारलं, "पण जपान्या म्हणजे कोण? त्यांचं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी तात्याच बोलले. गावासमोर उभं राहून, काठी हातात आडवी धरून, हजेरी दिल्यासारखे. "सखाराम बाळाजी. माझ्या बापाचा मैतर. बाहेरच्या फौजेतला शिपाई." उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. त्यांना ते बापाच्या नावासकट पाठ होतं.

"आता वाच," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. मग एकेक करत सगळेच बसले. भटजीही बसले. मी मेणकापड सोडलं, भिंग काढलं, आणि खालच्या आवाजात सुरुवात केली, मला येतो तोच आवाज.

"मोठ्यानं," तात्या ओरडले. "मागं ऐकू जात नाय!"

मी मोठ्यानं वाचलं, आत्या. आधी दादांच्या शब्दांत, मग आपल्या. भूक आली तेव्हा कुणी खोकलं नाही. मुत्तू आला तेव्हा हसले. इरावडीशी आलो तेव्हा बायकांतून 'अगं बाई' असं निघालं आणि तिथून पुढचं मला मधे मधे थांबून वाचावं लागलं.

नदीचं पान संपवून वर पाहिलं तर उंबर रिकामा होता आणि पिंडाच्या पत्रावळीवर शीतही नव्हतं. कावळा कधी येऊन गेला, शंभर माणसांत एकालाही दिसलं नाही. सगळ्यांच्या नजरा वहीवर होत्या.